बीळ कुणाचे?



हस्ताच्या पावसात आमच्या खाचराचा एक बांध रातोरात फुटला. सकाळी जाऊन पाहतो तो वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात, आणि बांधाच्या कुशीत हात जाईल एवढे बीळ. शेजारचे आबा म्हणाले, "खेकडा." मी म्हणालो, "उंदीर." आबांचे वय जास्त, तेव्हा खेकडाच ठरला. बांध फुटला की खेकड्यावर खापर फोडायची आपल्याकडे रीतच आहे. २०१९ साली तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हाही खेकड्यांचे नाव पुढे आले होतेच. असो. मी घरात शिल्लक असलेले औषध पाण्यात कालवून त्या बिळात आणि आसपासच्या चार बिळांत ओतले. दुसऱ्या दिवशी खाचरात बेडूक आणि बोटभर मासे पोट वर करून तरंगत होते. पुढे बांध घालताना ते मोठे बीळ खणले, तर आत भाताच्या लोंब्यांची कोठी भरलेली! खेकडा काही लोंब्या साठवत नाही. आबा दोन दिवस माझ्या ओटीवर आले नाहीत, आणि मीही त्यांना बोलावले नाही, कारण औषध मी ओतले होते.

आज तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट आपल्या खाचरातली नाही. पण भांडण हेच आहे, बीळ कुणाचे? आणि ते दोन-चार दिवस नव्हे, पन्नास वर्षे चालले.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. त्यांची राजधानी वॉशिंग्टन ती वेगळी, ती पार दुसऱ्या टोकाला. या राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात विलापा नावाची खाडी आहे. नाव ऐकून आपल्याला विलाप आठवेल, पण ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीवरून पडलेले आहे. ओहोटीला या खाडीतले जवळजवळ अर्धे पाणी निघून जाते आणि मैलोगणती चिखल उघडा पडतो. त्या चिखलात शेती होते ती कालवांची. आपल्याकडे कोकणात खडकावरची कालवे बायका कोयतीने फोडून काढतात. तिकडे कालवांचे बी चिखलावर पेरतात, दोन-चार वर्षे वाढवतात आणि मग काढणी करतात. आणि ऐका, त्या चिखलाचा मालक असतो! १८९५ साली तिथल्या राज्याने कायदा करून ओहोटीची जमीन कालवे पिकवणाऱ्यांना विकत घेऊ दिली. म्हणजे दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणाऱ्या रानाचा सातबाराच म्हणा ना.

आधी तिथे एक लहान, देशी कालव होते. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात, १८५० नंतर, सोन्याच्या मागे धावत सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या लोकांनी ते बोटी भरभरून खाल्ले आणि संपवले. पुढे १९२०च्या सुमारास जपानहून मोठ्या कालवाचे बी आणले. आज तिथे पिकते ते मुख्यतः हेच परदेशी वाण. दोन-तीन पिढ्या त्यावर जगलेली घरे आहेत.

या कालवाला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे पायाखाली घट्ट जमीन. चिखल भुसभुशीत झाला की शिंपला आत रुततो, वर गाळ बसतो आणि आतला जीव गुदमरून मरतो. तो चिखल भुसभुशीत कोण करतो? बिळे करणारी कोळंबी. एका पावलाएवढ्या जागेत बिळांची कित्येक तोंडे दिसायची. चालायला जावे तर माणूस गुडघ्यापर्यंत आत. पिढीजात रान डोळ्यांदेखत निकामी होते म्हटल्यावर शेतकरी काय करील? तुम्ही-आम्ही करतो तेच. औषध शोधील.

पण त्या बिळांत राहणारी कोळंबी एक नव्हती, दोन होत्या.

एक चिखलकोळंबी. शास्त्रातले नाव उपोगेबिया प्युजेटेन्सिस. दुसरीला तिकडे भुताची कोळंबी म्हणतात, अंग फिकट असते म्हणून. तिचे नाव निओट्रिपिया कॅलिफोर्निएन्सिस. नावे जड आहेत, विसरलात तरी चालेल. खुणा मात्र ध्यानात घ्या, कारण सारी गंमत खुणांत आहे.

बिळातला जीव वर काढायला तिकडे एक मोठी पिचकारी वापरतात. नळकांडे बिळावर दाबायचे, दांडा ओढायचा, की चिखलाचा खांबच्या खांब वर येतो. तो पसरून पाहायचा. निघालेला जीव राखी-तपकिरी, थोडी निळसर झाक असलेला असेल, तोंडाच्या टोकावर केसांचा झुपका असेल आणि पुढच्या दोन्ही नांग्या सारख्याच असतील तर ती चिखलकोळंबी. नारिंगी-गुलाबी, नितळ, आतले सगळे दिसेल अशी असेल आणि एक नांगी दुसरीपेक्षा मोठी असेल तर ती भूतकोळंबी. भूतकोळंबीच्या नराची मोठी नांगी तर एवढी असते की वाटावे, हा दुसऱ्याचीच घेऊन आला आहे. अजून पक्की खूण हवी असेल तर पायांची दुसरी जोडी पाहायची. भूतकोळंबीच्या दुसऱ्या पायालाही टोकाला छोटा चिमटा असतो. चिखलकोळंबीचा दुसरा पाय साधा असतो.

तुम्ही म्हणाल, रंग वेगळा, नांगी वेगळी, त्यात एवढे काय? त्यात हे की दोघींचा संसारच वेगळा.

चिखलकोळंबी घर बांधते. इंग्रजी वाय अक्षरासारखे, दोन तोंडांचे आणि खाली एक देठ असलेले बीळ. आतल्या भिंती ती स्वतःच्या चिकट रसाने लिंपून घेते, आपल्या मायबहिणी शेणाने भिंत लिंपतात तशा. एकदा केलेले घर ती सहसा मोडत नाही. बहुधा एका बिळात एक जोडपे. पोटाखालचे पाय वल्ह्यासारखे हलवून ती एका तोंडाने पाणी आत ओढते, पुढच्या पायांच्या केसांच्या चाळणीतून गाळते, त्यातले अन्न खाते आणि दुसऱ्या तोंडाने पाणी सोडून देते. दिवसरात्र हेच काम. लाखो बिळांतून असे पाणी गाळले जाते तेव्हा खाडीच्या पाण्याची केवढी राखण होत असेल, त्याचा अंदाज करा. शिवाय तिच्या घरात पोटकुळे असतात. एक छोटी शिंपली बिळाच्या भिंतीत राहते आणि बिळातल्या पाण्यावर पोट भरते. दुसरी एक शिंपली तर या कोळंबीच्या पोटालाच तंतूंनी चिकटून जन्म काढते.

भूतकोळंबीचे असे नाही. तिला लिंपणसारवण माहीत नाही. ती चिखल खणते, चाळते, त्यातले खाण्याजोगे खाते आणि उरलेले वर फेकते. आज इकडे फाटा, उद्या तिकडे. तिचे बीळ कधी पुरे होत नाही. जमीन वाळूच्या दलदलीसारखी होते ती मुख्यतः हिच्यामुळे. नांगरटीला बैल लागतात ते आपल्याला. हिला काहीच लागत नाही, फक्त हिची नांगरट थांबत नाही.

आता यांच्या कुळाची कथा. चिखलकोळंबीला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिले जेम्स ड्वाइट डाना या अमेरिकन पंडिताने, १८५२ साली. १८३८ ते १८४२ या काळात अमेरिकेच्या सरकारी जहाजांची एक मोठी सफर जगभर गेली होती, तिच्याबरोबर हा होता. ज्या जहाजावर तो होता ते १८४१ साली कोलंबिया नदीच्या मुखाशी फुटले. म्हणजे विलापा खाडीच्या अगदी शेजारी. मंडळी जिवानिशी वाचली. पुढे याच डानाने भूतकोळंबीचेही वर्णन केले.

दोघीही बिळात राहणाऱ्या, दोघींचे कवच पातळ, दोघींचे पोट लांब. म्हणून पंडितांनी दोघींना एकाच गोत्रात घातले, आणि शंभरावर वर्षे त्या तिथेच राहिल्या. १९७९ साली पॅरिसच्या संग्रहालयातल्या मिशेल द सेंट लॉरेंट नावाच्या विदुषीने म्हटले की हे गोत्र एक नाही, दोन आहेत. फार लोकांनी लगेच मनावर घेतले नाही. २००९ साली जनुकांचा ताळा करून पाहिला तेव्हा बाईंचे म्हणणे बरोबर निघाले. आज चिखलकोळंबी एका गणात आणि भूतकोळंबी दुसऱ्या गणात आहे. बिळात राहून राहून दोघींचे अंग सारखे झाले, एवढेच. आणि गंमत म्हणजे नावाला कोळंबी असल्या तरी दोघी आपल्या बाजारातल्या कोळंबीपेक्षा खेकड्या-शेवंडांच्या जवळच्या आहेत.

हे नवल वाटत असेल तर घरातले उदाहरण देतो. वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो. वारूळ तसेच, रांग तशीच, राणी तशीच. पण वाळवी मुंगीच्या कुळातली नाही. ती झुरळाची भाऊबंद आहे. मुंगीचे कूळ गांधीलमाशी-मधमाशीचे. वारुळात राहिल्याने कूळ एक होत नाही.

याच्या आत आणखी एक वाटणी झाली. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला सापडणारी चिखलकोळंबीही उत्तरेचीच समजत असत. १९८६ साली ऑस्टिन विल्यम्स या तज्ज्ञाने किनाऱ्यावरचे नमुने शेजारी शेजारी मांडले आणि दाखवले की दक्षिणेची जात निराळी. तिला त्याने तिकडच्या समुद्रजीवांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या मॅकगिनिटी पतिपत्नींचे नाव दिले. ही वाटणी नुसती कागदावरची नव्हे. उत्तरेची कोळंबी संपली तर दक्षिणेकडून ती परत भरून येईल, अशी जी आशा कुणी धरली असती, ती या कामाने संपली. दक्षिणेला आहे ती ही नाहीच.

तर औषधाकडे येऊ. १९६३ सालापासून विलापा खाडीत कार्बारिल फवारू लागले. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना हे 'सेव्हिन' या नावाने ठाऊक आहे. कापसावर, भाजीपाल्यावर आपणही ते मारले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात हेच सेव्हिन बनायचे. २ डिसेंबर १९८४च्या रात्री तिथून सुटून ज्याने हजारो माणसे मारली तो मिथाइल आयसोसायनेट वायू याच औषधासाठी साठवलेला होता. आपल्या देशात कार्बारिलवर २०१८ साली बंदी आली.

तिकडे उन्हाळ्यात ओहोटीला चिखल उघडा पडला की हेलिकॉप्टर यायचे आणि फवारून जायचे. दरसाल शेकडो एकर. बिळांची तोंडे मोजायची, फार झाली की फवारणी. तोंड मोजून आत कोण आहे ते कळत नाही. पण तिथल्या शेतकऱ्यांना दोघींतला फरक माहीत नव्हता असे समजू नका. चिखलात उभे राहून जन्म काढलेली माणसे ती. भूतकोळंबी जास्त वाईट, हे ते पंडितांच्या आधीपासून सांगत. पण औषधाला कुठे कळते? ते चिखलकोळंबीलाही मारायचे आणि खेकड्यांची पिलेही मारायचे. ते खेकडे शेजारच्या कोळ्यांचे उत्पन्न. त्यामुळे कोळी आणि कालववाले यांच्यात तेढ आली, खटले झाले, करार झाले, आणि २०१३पर्यंत रखडत ती फवारणी थांबली. शिवाय मारून उपयोग किती? या कोळंबीची पिले लहानपणी समुद्रात तरंगत जातात आणि पुन्हा खाडीत येऊन बसतात. चार-सहा वर्षांत रान पुन्हा बिळांनी भरते.

पुढे कालववाल्यांनी इमिडाक्लोप्रिड मागितले. आपण कापसाच्या बियाण्याला चोळतो, मावा-तुडतुड्यांवर मारतो, तेच. २०१५ साली परवाना मिळाला, पण खाणाऱ्या गिऱ्हाइकांनीच एवढी ओरड केली की काही दिवसांत तो परत करावा लागला. २०१८ साली सरकारने साफ नकार दिला. माझे मत विचाराल तर नकार योग्य होता. पण ज्याचे रान बुडते आहे त्याला नुसता नकार देऊन सरकार घरी जाते, हे आपल्यालाही अनुभवाने ठाऊक आहे.

एवढ्या सगळ्या धामधुमीत एका गोष्टीकडे कुणाचे लक्ष नव्हते. चिखलकोळंबी नाहीशी होत चालली होती, आणि जिथे औषधाचा थेंबही पडला नव्हता अशा खाड्यांतूनही!

तिला गोचीड लागली होती.

गोचीड मी आपल्या भाषेत म्हणतो. हा जीव खरा कवचवाल्यांतला, ओल्या विटेखाली किंवा कुंडीखाली सापडणाऱ्या, पुष्कळ पायांच्या त्या चपट्या राखी किड्याचा नातलग. याची मादी कोळंबीच्या कल्ल्याच्या खोलीत जाऊन बसते आणि रक्त पिते. त्या बाजूचे कवच फुगते, दाढ सुजून गाल फुगावा तसे. नर एवढासा, तो मादीच्याच अंगावर राहतो. गोचीड लागलेली कोळंबी लगेच मरत नाही. ती जगते, बीळ राखते, पाणी गाळते. पण मादी असेल तर अंडी धरत नाही. म्हणजे गाव भरलेले दिसते, घरे लिंपलेली दिसतात, आणि पाळणा एकाही घरात हलत नाही. मग काही वर्षांत सगळी म्हातारी एकदम जातात आणि गाव ओस पडते. २००० सालानंतर विलापात आणि आसपासच्या कित्येक खाड्यांत असेच झाले.

हा जीव कोण? २००४ साली जॉन मार्कहॅम या तज्ज्ञाने ऑरेगन राज्यातल्या नमुन्यांवरून त्याला ऑर्थिओन ग्रिफेनिस असे नाव दिले, नवी जात म्हणून. नवी जात म्हटल्यावर वाटणार की तिथलाच असेल, आजवर दिसला नसेल. पण २००९ साली चीन आणि जपानकडचे नमुने शेजारी ठेवून पाहिले तेव्हा जीव तोच! तिकडच्या चिखलकोळंब्यांवर तो पूर्वीपासून राहणारा. मग अमेरिकेतल्या जुन्या बरण्या उघडल्या गेल्या. सर्वांत जुना नमुना निघाला १९८८ सालचा, आणि तोही विलापा खाडीतला. म्हणजे हा परका पाहुणा सोळा वर्षे बिननावाचा होता, आणि नाव मिळाल्यावरही पाच वर्षे तो घरचा समजला गेला. आला कसा? बहुधा जहाजातून. माल नसला की जहाज तोल सांभाळायला टाकीत समुद्राचे पाणी भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात ते सोडून देते. त्या पाण्यातून कोण कोण जाते-येते त्याला ना तिकीट, ना पासपोर्ट.

तेव्हाच ओळख पटली असती तर? कोळंबी वाचलीच असती असे मी म्हणत नाही. गोचिडीवर तिकडे अजून उपाय नाही. पण १९८८ साली बरणीत पाहणाऱ्याला एवढे कळते की हा आपल्याकडचा नव्हे, तर निदान गळाला लावायला कोळंबी या खाडीतून त्या खाडीत नेणाऱ्यांना कुणी हटकले असते. भरलेल्या खाड्यांतल्या कोळंब्यांचे कवच कुणी तपासले असते. २०११ साली जेव्हा अभ्यासकांनी एकत्र येऊन विचारले की ही सगळी पडझड या एका जिवाने केली काय, तेव्हा विचारायला फारशी कोळंबी उरली नव्हती.

आणि कालववाल्यांचे? त्यांचा खरा वैरी म्हणजे भूतकोळंबी. ही गोचीड तिच्या वाटेला जात नाही. म्हणजे पाणी गाळणारी, घर लिंपणारी गेली आणि नांगरट करणारी राहिली. काही जणांनी बिघडलेली राने सोडून दिली. काही जण आता कालवे जाळीच्या पिशव्यांत भरून दोरांना टांगतात, म्हणजे चिखलाशी संबंधच नको. खर्च जास्त, मेहनत जास्त, पण फवारणीविना पीक हाती येते.

मंडळी, आपल्या किनाऱ्यावरच्या चिखलातही या दोन्ही गणांतले जीव आहेत, आणि आपल्या खेकड्यांची ओळख तरी कुठे पुरी झाली आहे? २०१४ साली सह्याद्रीतल्या खेकड्यांची एक नवी प्रजातीच नोंदली गेली, तिला 'घाटियाना' असे नाव मिळाले. ते खेकडे त्या घाटांत पहिल्यापासून होतेच.

आबांची आणि माझी दिलजमाई झाली आहे. यंदा आम्ही दोघांनी मिळून बांधावरची बिळे तपासली. तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या, आत पाणी आणि कडेला पायांचे ओरखडे असले तर खेकडा. तोंडाशी मोकळ्या भुसभुशीत मातीचा ढीग आणि जवळ कुरतडलेल्या काड्या असल्या तर उंदीर किंवा घूस. शंका आली तिथे एक बीळ फावड्याने खणून पाहिले. सोळा बिळांत अकरा उंदरांची निघाली. खेकड्यांच्या पाचांपैकी तीन बिळे बांधाच्या आरपार जात होती, तेवढी माती ठोकून बुजवली. दोन तशीच ठेवली आहेत.

त्या पाच बिळांतल्या खेकड्यांत आबांनी दोन निराळे ओळखले. एक काळपट, एक तांबूस नांगीचा. काळ्याला आमच्याकडे मुठा म्हणतात. तांबड्याला काय म्हणतात ते आबांनाही आठवेना. तुमच्या भागात खाचरातल्या खेकड्यांची किती नावे आहेत आणि कुठला कुठे बीळ करतो, ते पोस्टकार्डावर कळवा. नांगीचा रंग आणि बिळाची जागा तेवढी अवश्य लिहा.